इन्व्हर्टर न घेता पावसाळ्यातल्या वीज जाण्याची तयारी कशी करावी?

आधी पाण्याचं बघा, उजेडाचं नंतर. गोव्यात माडाची झावळी तारांवर पडली की वीज जाते आणि तिच्यामागोमाग पंपही बंद. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा अनेक गावांत दोन-तीन दिवस वीज नव्हती. अंधार सोसला, पण टाकी रिकामी झाल्यावर खरे हाल झाले. त्यामुळे जूनपासून रोज रात्री दोन बादल्या आणि एक कळशी भरून, झाकून ठेवा. अंगणात विहीर असेल तर पंप असला तरी दोर आणि घागर काढून टाकू नका.

उजेडासाठी आत बॅटरी असलेले दोन एलईडी बल्ब घ्या, नेहमीच्या होल्डरला बसतात. एक स्वयंपाकघरात, एक म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत. मेणबत्ती शक्यतो नकोच, विशेषतः मुलं असतील तर. पॉवर बँक ढग भरून आले की लगेच चार्जिंगला लावा.

फ्रीज सारखा उघडू नका, बंद राहिला तर साधारण चार तास थंड राहतो. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर पाण्याचं मातीचं मडकं जवळ असू द्या, त्यात कुपी कोरडी राहील अशी डबीत घालून ठेवा.

तार तुटून पडलेली दिसली तर जवळ जाऊ नका, वीज खात्याला १९१२ वर कळवा. रुग्णवाहिकेसाठी १०८. हे नंबर कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा, कारण मोबाईल नेमका तेव्हाच बंद पडतो.