लंडनमधलं बाबासाहेबांचं घर: अर्धा दिवस द्यावा का?

मुलीकडे लंडनला आठवडाभर जाताय आणि डॉ. आंबेडकर राहिले ते घर बघायला अर्धा दिवस द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. द्या. फक्त दादरचं राजगृह डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. ते त्यांचं स्वतःचं, पुस्तकं मावावीत म्हणून बांधलेलं घर. इथे ते भाडेकरू होते.

पत्ता १०, किंग हेन्रीज रोड. भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवरच्या चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. रांगेतल्या बाकी घरांसारखंच असल्याने मी पहिल्यांदा सरळ पुढे निघून गेले होते. परत फिरले तेव्हा भिंतीवरची निळी गोल पाटी दिसली: १९२१-२२ मध्ये इथे वास्तव्य. तेव्हा ते तिशीतले विद्यार्थी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, आणि खिशात पैसे मोजकेच.

आत पलंग, पुस्तकं, चष्मा असं सगळं ते अजून राहत असल्यासारखं मांडलंय. मांडणी नीटनेटकी आहे, माझ्या मते जरा जास्तच. चरित्रात वाचलेलं आठवत होतं, की रात्री अभ्यास करताना भूक लागली की ते पापड भाजून खायचे. त्या चकचकीत खोल्यांत त्या पापडाचा वास काही येईना! तरी जिना चढताना पाय आपोआप हळू पडले.

हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि त्याच नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढे राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, परवानगी नाकारली, शेजाऱ्यांनीही गर्दी-गोंगाटाच्या तक्रारी केल्या. शेवटी मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी मंजुरी दिली. म्हणून सांगते, फुटपाथवर घोळका करून फोटो काढत बसू नका, आजूबाजूला लोक राहतात.

घर तासाभरात बघून होतं. उरलेल्या वेळात त्याच नॉर्दर्न लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरून ब्रिटिश म्युझियमला जा. मधल्या चौकात घुमटाची गोल इमारत आहे, ती जुनी रीडिंग रूम. बाबासाहेबांचा दिवस खोलीत कमी आणि तिथेच जास्त जायचा. घराच्या वेळा मात्र निघण्याआधी वेबसाइटवर बघून घ्या.