दुखत नाही, पण करंगळी ऐकत नाही

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. पियानोवर बसलं की उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळव्याकडे वळतात, दुखत अजिबात नाही, स्पर्धा दोन महिन्यांवर आणि सर म्हणतात सराव कमी पडतोय. माझंही अगदी हेच झालं होतं, फक्त स्पर्धेच्या जागी रिसायटल, म्हणजे एकल वादनाचा कार्यक्रम होता.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मनगट सैल ठेवा, मध्ये थांबा वगैरे तुम्ही ऐकलंच असेल, ते सोडून देते.

माझं सुरू झालं सी मेजरच्या स्केलमध्ये, म्हणजे ओळीने सूर चढत-उतरत वाजवायच्या अगदी साध्या सरावात. चढताना सगळं ठीक. उतरताना अंगठ्यावरून मधलं बोट पलीकडे नेलं की करंगळी मुठीत शिरायची. तीच बोटं टेबलावर ठेवली की शहाण्यासारखी चालायची. बटणं लावणं, लिहिणं, काही अडत नव्हतं. म्हणून मीच ठरवून टाकलं, हा आळस आहे.

आणि इथे माती खाल्ली. चार तासांचा सराव सहावर नेला. मुद्दाम संगीतकार शोपाँचा ओपस १० मधला दुसरा एत्यूद (सरावासाठीची रचना) काढला, कारण त्यातली वरची क्रोमॅटिक धाव, म्हणजे लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून ओळीने जाणं, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या बोटांवर आहे. म्हटलं, कमजोरांनाच जुंपू. आठवडाभर बरं वाटलं. मग करंगळी वळू नये म्हणून ती ताठ धरू लागले, त्यासाठी मनगट आवळू लागले आणि महिन्याभरात मधलं बोटही बिघडलं. वर फिंगरिंग, म्हणजे कुठला सूर कुठल्या बोटाने, ते बदलून लोकांपासून लपवलं ते वेगळंच. चुकीची हालचाल मी रोज सहा तास घोटून पक्की करत होते.

शेवटी निदान झालं फोकल डिस्टोनिया. बिघाड स्नायूत नसतो, मेंदू बोटांना जे हुकूम देतो त्यात असतो. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला होतो म्हणतात. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाही. कोपरापाशी नस दबली तरी नेमकी हीच दोन बोटं बिघडतात, म्हणून तपासणी हवीच.

पण कुठे जाता ते बघा. मी गेले त्या मोठ्या नावाच्या ठिकाणी फॉर्मवर एकच रकाना: वेदना ० ते १०. मी खरं तेच लिहिलं, ०. झालं, फाइल ढिगाच्या तळाशी. एक्स-रे नॉर्मल, नसांची तपासणी नॉर्मल, 'तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.' सात महिने गेले. आजही तो रकाना आठवला की डोकं फिरतं. तुम्ही सरळ हालचालींचे विकार बघणाऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि वाजवतानाचा, बाजूने घेतलेला व्हिडिओ न्या. डॉक्टरांच्या टेबलावर बोटं शहाणपणाचं नाटक करतात, काहीच दिसत नाही.

स्पर्धा सोडा. कठोर वाटेल, पण माझं मत ठाम आहे. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची हीच दोन बोटं १९६४ च्या सुमारास वळायला लागली, त्यांनीही आधी सराव वाढवूनच पाहिला. दोन्ही हातांच्या वादनाची नवी रेकॉर्ड यायला २००४ उजाडलं, तीही बोटॉक्सच्या, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनांच्या मदतीने. मधल्या काळात डाव्या हाताच्या रचना, शिकवणं, कंडक्टिंग.

डाव्या हातासाठी हवंच असेल तर रशियन संगीतकार स्क्रिआबिनच्या ओपस ९ मधल्या प्रिल्यूड आणि नॉक्टर्न या दोन रचना बघा. त्याचा स्वतःचाच उजवा हात सरावाने दुखावला होता तेव्हाच्या आहेत. मात्र सगळा राग डाव्या हातावर काढू नका, तोही माणसाचाच आहे.

जाता जाता एक: पातळ रबरी हातमोजा घालून तेच स्केल वाजवून बघा. काहींची बोटं तेवढ्यापुरती सुधारतात. माझी थोडी सुधारली होती आणि डॉक्टरांना निदानासाठी ते उपयोगी पडलं. इलाज म्हणून वापरू नका.

आणि हे कळवा, तुम्हाला चढताना होतं की फक्त उतरताना?