‘परतच द्यायचं, तर आणूच कशाला?’

*ताई, आमचा मोती जाऊन दीड वर्ष झालं. घर खायला उठतं. पुन्हा कुत्रा पाळायची हिंमत होत नाही, पण प्राण्यांच्या शेल्टरला फॉस्टर करणारी, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रा आपल्या घरी सांभाळणारी माणसं हवी आहेत असं कळलं आणि मन ओढ घेतंय. यजमान म्हणतात, “महिना-दीड महिना लळा लावायचा आणि मग दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे त्या जिवाशीही क्रूर आणि तुझ्याशीही.” घरात बारा वर्षांची मांजर आहे. मोतीची ताटली अजून ओट्याखालीच आहे. काय करू? – नाव छापू नये*

ताई, यजमानांच्या म्हणण्याचा पहिला भाग आधी निकालात काढते. २०१९ साली अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधल्या कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी नेलं आणि त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल मोजलं. कॉर्टिसॉल म्हणजे ताण वाढला की वाढणारं संप्रेरक. घरी असताना ते उतरलं. शेल्टरमध्ये परतल्यावर पुन्हा पहिल्याइतकं झालं, पण पहिल्यापेक्षा वर गेलं नाही. म्हणजे घरचा मुक्काम निव्वळ नफ्यात. शिवाय तुमच्याकडून तो बहुधा पिंजऱ्यात परत जाणारच नाही, कुणाच्या तरी घरी कायमचा जाईल.

दुसरा भाग खरा आहे. रडू येणार. माझ्याकडे पहिली आली ती एक काळी कुत्री, आल्या आल्या वॉशिंग मशीनच्या मागे जी शिरली ती तीन दिवस तिथेच. खाणं-पिणं रात्री, आम्ही झोपल्यावर. मी रोज तिच्याकडे पाठ करून फरशीवर बसायचे आणि पेपर मोठ्याने वाचायचे. अग्रलेखसुद्धा सोडला नाही, बिचारीने काय काय ऐकलं असेल! चौथ्या दिवशी कोपराला गार नाक लागलं. मी वळले नाही, वाचत राहिले.

सात आठवड्यांनी तिला न्यायला माणसं आली तेव्हा मी दोन पानं भरून लिहून दिली होती. कुकरच्या शिट्टीला घाबरते, झाडूला नाही. पट्टा समोरून घालू दिला नाही तर बाजूने घाला. पोट दाखवते ते ‘कुरवाळा’ म्हणून नव्हे, ‘थांबा’ म्हणून. हे पिंजऱ्यात कुणाला कळलं असतं? ती पानं लिहिताना मी रडले. गाडी निघाली तेव्हा नाही.

मला काळजी तुमच्या रडण्याची नाही, मोतीची आहे. त्याच्यासारखा दिसणारा कुत्रा आणू नका. शेल्टरवाल्यांनी फोटो दाखवले आणि एखाद्यावर काळीज हललं, तर तो नको म्हणा. फॉस्टर केलेलं जनावर स्वतःच ठेवून घेतलं की त्याला थट्टेने ‘फॉस्टर फेल’ म्हणतात. त्यात पाप काही नाही, पण पुढच्या जनावरांची जागा तेवढी अडते. मनात ठेवून घ्यायचंच असेल तर सरळ दत्तक घ्या, आडून नको.

पहिल्या खेपेला शांत, मोठ्या वयाचा कुत्रा मागा, मांजरांसोबत राहिलेला असेल तर उत्तमच. बाटलीवरची पिल्लं तर मुळीच नकोत. त्यांना दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावं लागतं, गाईचं दूध सोसत नाही आणि उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. नवख्या हाताचं ते काम नाही.

मांजरीचं लसीकरण आधी तपासा. पाहुण्याला साधारण दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, आणि त्याला हाताळल्यावर साबणाने हात. मग एकमेकांचा वास ओळखीचा व्हावा म्हणून एकाचं फडकं दुसऱ्याच्या अंथरुणाशी ठेवा. नजरभेट त्यानंतर, तीही कुत्रा पट्ट्यावर असताना. बारा वर्षांच्या मांजरीला तिचं घर तिचंच वाटलं पाहिजे. चढून बसायला एक उंच जागा फक्त तिची.

सही करण्याआधी शेल्टरला विचाराल: डॉक्टरचा खर्च कुणाचा, रात्री दोनला फोन कुणाला करायचा, आणि नाहीच जमलं तर किती दिवसांत परत नेणार. शेवटच्या प्रश्नाला जिथे तोंडं वाकडी होतात, तिथे नका जाऊ.

राहता राहिले यजमान. मोती गेल्यावर तुमचं काय झालं हे पत्रात आहे, त्यांचं काय झालं याबद्दल एक ओळ नाही. ते ‘तुझ्याशी क्रूर’ म्हणतात तेव्हा कदाचित स्वतःबद्दल बोलत असतील. एकदा मोतीचा विषय काढून बघा, फॉस्टरचा नव्हे. त्यानंतरही त्यांचा नकार ठाम असेल तर सध्या थांबा. शेल्टरमध्ये जाऊन कुत्र्यांना फिरवून आणता येतं, त्याला घरातल्या कुणाची परवानगी लागत नाही.

आणि कुत्रा आणायचं ठरलंच, तर त्याच्यासाठी भांडी वेगळी घ्या. ओट्याखालची ताटली हलवायची की नाही, ते यजमानांना ठरवू दे.