जळालेल्या पीसीबीवर नुसती तार टाकून भागत नाही
वाचकांचे प्रश्न : ट्यूब अँप

प्रश्न : माझा ५० वॉटचा ट्यूब गिटार अँप (अँप्लिफायर) आहे, आउटपुटला ईएल ३४ या दोन पॉवर ट्यूब. मे महिन्यात तालमीत एकदम चटचट आवाज झाला, जळका वास आला आणि आतला एचटी (हाय टेन्शन, म्हणजे उच्च व्होल्टेजचा) फ्यूज उडाला. एका सॉकेटखाली पीसीबी (पार्ट जोडलेला बोर्ड) रुपयाच्या नाण्याएवढा काळा पडलाय. मेकॅनिकने तुटलेल्या ट्रॅकवर तार टाकली, ट्यूबची नवी जोडी लावली. महिनाभर छान चालला. पाऊस सुरू झाला आणि पुन्हा तेच, त्याच जागी. बोर्ड बदलावा लागेल का? गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांसाठी अँप हवा आहे.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : बोर्ड बदलू नका. मेकॅनिकने तार टाकली ते बरोबर, पण काळा भाग तसाच ठेवला, तिथे चूक झाली. बोर्डाची ग्लास-इपॉक्सी जळली की तिचा कोळसा होतो, आणि कोळसा वीज वाहतो. शिवाय तो ओल धरतो, म्हणून उन्हाळ्यात निभावलं आणि इंदूरच्या पहिल्या दमट आठवड्यात ठिणगी पडली. मल्टीमीटरवर ही जागा निर्दोष दिसते, कारण मीटर जेमतेम काही व्होल्ट देतो. तुमच्या ट्यूबच्या प्लेटवर ४५० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि जोरात वाजवताना क्षणभर त्याच्या जवळपास दुप्पट होतो.

ईएल ३४ मध्ये ३ नंबरची पिन प्लेटची आणि शेजारची २ नंबरची ट्यूब तापवणाऱ्या हिटरची. ठिणगी बहुतेक वेळा याच दोघींत पडते. तुमचा डाग तिथेच आहे का, ते आधी बघा.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढा, ट्यूब काढा आणि वीज साठवून ठेवणारे फिल्टर कपॅसिटर रिकामे करा. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर क्लिप लावलेल्या इन्सुलेटेड तारेने चॅसी आणि कपॅसिटरच्या प्लस टोकात दहा सेकंद धरा, मग मीटरने मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका. काम संपेपर्यंत क्लिप तशीच राहू द्या, कारण कपॅसिटरमध्ये थोडा व्होल्टेज आपोआप परत चढतो. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय मात्र सोडा.

आता कोळसा. सॉकेट पूर्ण काढा. काळा भाग छोट्या हँड ग्राइंडरच्या बुरने (कोरायच्या टोकाने) कोरत जा, स्वच्छ फिकट फायबर दिसेपर्यंत. तपकिरी छटा उरली तरी थांबू नका. बोर्डात आरपार भोक पडलं तर पडू द्या. लोक इथे कचरतात आणि थोडं काळं ठेवून देतात, मग आपला सगळा खर्च वाया जातो. धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने दोनदा धुवा, मग हेअर ड्रायरने अर्धा तास कोमट हवा द्या. जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे हे अल्कोहोल ‘आयपीए’ म्हणून मागा.

भोक अराल्डाइटने बुजवायचा मोह होईल. पॉवर ट्यूबच्या बुडाशी इतकी उष्णता असते की साधं इपॉक्सी मऊ पडतं. भोक मोकळंच ठेवा, इथे हवाच चांगला इन्सुलेटर आहे. ३ नंबर पिनचा जुना पॅड आणि ट्रॅक वापरूच नका. दोन्हींना तोडून टाका आणि प्लेटची तार थेट सॉकेटच्या पिनवर सोल्डर करा : टेफ्लॉन इन्सुलेशनची, ६०० व्होल्टची, ०.५ चौरस मिलिमीटर. हिटरची तार मात्र जाड, १ चौरस मिलिमीटर आणि पिळलेली घ्या. प्रत्येक ईएल ३४ चा हिटर दीड अँपिअर ओढतो. प्लेट आणि बाकी कुठल्याही तांब्यात किमान ४ मिलिमीटर अंतर असू द्या. सॉकेट सिरॅमिकचा लावा, जुन्याचं प्लास्टिकही आतून जळलेलं असतं आणि ते वरून कळत नाही.

तपासायला ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर) मिळवा. ट्यूब नसताना, प्लेटची तार सुटी ठेवून, ३ आणि २ नंबरच्या पिनांमध्ये मोजा. १०० मेगओहमपेक्षा कमी आलं तर कोळसा उरलाय, पुन्हा कोरा.

ठिणगी हिटरकडे गेल्याने वाटेत आणखी काही जळलेलं असणार. बऱ्याच अँपमध्ये हिटरच्या दोन्ही तारांपासून ग्राउंडला १००-१०० ओहमचे रेझिस्टर असतात, ते उघडे पडतात (आतून तुटतात) आणि मग हम (गुणगुण) वाढतो. स्क्रीनचे रेझिस्टर (सहसा १ किलोओहम, ५ वॉट) दोन्ही बदला आणि बोर्डापासून ६ मिलिमीटर उंच बसवा.

ठिणगी मुळात का पडली? पहिला संशय स्पीकरच्या जोडणीवर घ्या. लोड सुटला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर प्लेटवर हजारो व्होल्ट उडवतो. स्पीकरला गिटारची केबल लावलेली असेल तर ती आजच फेका. जॅकचे काँटॅक्ट काळे पडलेत का, तेही बघा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे दोन्ही भाग मधल्या तारेपासून मोजा. काही ओहमचा फरक चालतो, पण एक भाग उघडा किंवा निम्मा दिसला तर ट्रान्सफॉर्मरच गेला.

चालू करताना सिरीज बोर्डवर (अँपच्या पुरवठ्यात ओळीने बल्ब जोडणारा बोर्ड) १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब लावा, एलईडी चालणार नाही. ट्यूबशिवाय बल्ब क्षणभर उजळून मंदावला पाहिजे. मग ट्यूब, स्पीकर लावूनच. बायस (ट्यूबचा स्थिर करंट ठरवणं) शेवटी, बल्ब काढून आणि सर्वांत थंड बाजूपासून, म्हणजे सर्वांत कमी करंटपासून सुरुवात करून : ८ नंबर पिन ते ग्राउंड १ ओहमचा रेझिस्टर असेल तर १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. ४६० व्होल्टवर ३५ ते ३८ मिलिअँपिअर पुरे. घरी रात्री २४५ व्होल्ट येत असेल आणि अँपचा सिलेक्टर २२० वर असेल, तर हिटरला ६.३ ऐवजी ७ व्होल्ट मिळतात आणि एचटीही तितकाच चढतो. सिलेक्टर २४० वर न्या.

प्रश्न : जळलेल्या रेझिस्टरचे रंगपट्टे दिसत नाहीत. किंमत कशी ओळखायची?
– एक वाचिका, इंदूर

उत्तर : पुशपुल (जोडीने चालणाऱ्या ट्यूबच्या) अँपच्या आउटपुट भागात जवळजवळ प्रत्येक रेझिस्टरचा जुळा भाऊ दुसऱ्या ट्यूबपाशी असतो, त्याचे पट्टे वाचा. तो नसेल तर वरचा थर हलकेच खरवडा आणि तुटलेल्या जागेपासून दोन्ही टोकांपर्यंतचा रेझिस्टन्स वेगवेगळा मोजा. बेरीज खऱ्या किमतीपेक्षा थोडी कमी येते, तिच्या वरची प्रमाणित किंमत धरा. कार्बन कॉम्पोझिशनचा असेल तर ही युक्ती फसवते, कारण तापल्यावर त्याची किंमतच बदललेली असते.

प्रश्न : काळ्या डागावर नेलपॉलिशचे दोन थर दिले तर?

उत्तर : डाग दिसेनासा होईल, वीज तरीही वाहील.