ज्याने जो शेवट पाहिला

प्रिय,

अनेक आशीर्वाद. एका वाड्यात जमलेल्या पाहुण्यांमधला खुनी शोधणाऱ्या ‘क्लू’ या विनोदी रहस्यपटावरचा तुझा लेख मी लक्षपूर्वक वाचला. भाषा स्वच्छ आहे आणि चित्रपटावरचे तुझे प्रेमही ओळीओळीत दिसते. परंतु ‘समीक्षकांना विनोद कळला नाही, प्रेक्षकांना कळला आणि काळाने प्रेक्षकांच्या बाजूने कौल दिला’ हा तुझा निष्कर्ष मला पटलेला नाही. लेख छापायला जाण्यापूर्वी तो पुन्हा तपासला जावा, असे मनापासून वाटते म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डिसेंबर 1985 मध्ये हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा समीक्षक एका बाजूला आणि प्रेक्षक दुसऱ्या बाजूला अशी परिस्थिती मुळात नव्हतीच. सुमारे दीड कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने तिथल्या तिकीटबारीवर 1 कोटी 46 लाख डॉलरच्या आसपास गल्ला जमवला, आणि त्यातून चित्रपटगृहांचा वाटा वजा केला तर चित्रपट पडला असेच म्हणावे लागते. म्हणजे तुझ्या लेखात ज्या प्रेक्षकांची साक्ष काढलेली आहे, ते त्या हिवाळ्यात फारसे फिरकलेच नव्हते. चित्रपटाला जीव लावणारा प्रेक्षक पुढे केबल टीव्ही आणि व्हिडिओ कॅसेट यांच्यामुळे तयार झाला, आणि इथेच तुझ्या लेखातली सर्वांत मोठी उणीव आहे.

दिग्दर्शक जोनाथन लिन यांनी या चित्रपटाचे तीन वेगवेगळे शेवट पडद्यावर आणले, हे तू एका वाक्यात उरकले आहेस. ते वाक्य लेखाच्या मध्यभागी यायला हवे. एका चित्रपटगृहात एकच शेवट दाखवला जात असे. काही चित्रपटगृहे आपल्याकडे कोणता शेवट आहे हे जाहीरही करत. लोक उरलेले दोन शेवट पाहण्यासाठी पुन्हा तिकीट काढतील ही निर्मात्यांची अपेक्षा होती आणि ती फसली. कॅसेटवर मात्र तिन्ही शेवट एकापाठोपाठ एक जोडले गेले: असे घडले असू शकते, किंवा असे, पण प्रत्यक्षात घडले ते हे, अशा पाट्या मध्ये टाकून. या जोडणीमुळे शेवटाचा अर्थच बदलतो. एकटा पाहिला तर तो कोड्याचे उत्तर असतो आणि उत्तर म्हणून त्याची पारख होते. तिन्ही सलग आले की उत्तराचे महत्त्व संपते आणि कोणावरही खून चिकटवता येतो हाच विनोद होऊन बसतो. आज ज्या चित्रपटावर लोक प्रेम करतात तो हा जोडलेला चित्रपट आहे.

मिसेस व्हाइटची भूमिका करणाऱ्या मॅडलिन कान यांचा तो प्रसिद्ध क्षण तू पुरावा म्हणून दिला आहेस. मिसेस व्हाइट आपल्या द्वेषाबद्दल बोलू लागते, शब्द अडखळतात, हात चेहऱ्याजवळ जातात, वाक्य पुरे होत नाही आणि तिला फक्त ज्वाळा एवढेच पुन्हापुन्हा म्हणता येते. कान यांनी ते ऐन चित्रीकरणात उत्स्फूर्तपणे केले होते, हे तू बरोबर लिहिले आहेस. पण हा क्षण तीनपैकी एकाच शेवटात आहे. ज्या चित्रपटगृहांत दुसरे दोन शेवट गेले, तिथल्या प्रेक्षकाने तो पाहिलाच नाही. तेव्हा ‘हे पाहूनही समीक्षक हसले नाहीत’ असे लिहिण्याआधी, ज्या परीक्षणाचा तुझ्या लेखात उल्लेख आहे, त्याच्या लेखकापुढे कोणता शेवट होता हे त्या परीक्षणातूनच शोधून काढायला हवे.

समीक्षकांचे म्हणणेही नीट ऐक. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी दोन तारे दिले. त्यांची तक्रार विनोदाविषयी नव्हती, तर इतका गुणी नटसंच हाताशी असून पटकथा विरळ आहे, काही रंजक बोलण्याच्या बेतात असतानाच नटांना कोणी तोडावे तसे वाटते, अशी होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जॅनेट मॅसलिन यांना सुरुवातीनंतर चित्रपट रेंगाळतो असे वाटले. माझ्या मते या दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. पाहुणे जोड्या करून वाडा धुंडाळतात तो मधला भाग पुन्हा पाहा. दारे उघडतात, मिटतात, धावपळ होते, पण हशा क्वचितच पिकतो. चित्रपट पुन्हा पकड घेतो तो टिम करी यांचा बटलर सबंध रात्रीचा घटनाक्रम खोल्याखोल्यांतून धावत, प्रत्येकाची नक्कल करत सांगू लागतो तेव्हा. पहिल्यांदा पाहणारा त्या वेळी दुवे जुळवण्यात गुंतलेला असतो. खुनी माहीत असलेला प्रेक्षक त्या ओझ्यातून मोकळा असतो आणि करी यांची दमछाक, मागे धावणाऱ्या मंडळींचे चेहरे, सगळे त्याला दिसते. समीक्षकाला बहुधा एकदाच पाहून लिहावे लागते. चाहता दहाव्या वेळी मत देतो. विनोदी रहस्यपटाच्या बाबतीत हा फरक इतर कुठल्याही प्रकारापेक्षा मोठा असतो.

परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळांवरच्या टक्केवारीवर तर अजिबात विसंबू नकोस. किती परीक्षणे अनुकूल आहेत एवढेच तो आकडा सांगतो, आवड किती तीव्र आहे हे सांगत नाही. शिवाय त्यात 1985 ची परीक्षणे आणि चित्रपट लाडका झाल्यानंतर लिहिलेली परीक्षणे एकत्र मोजलेली असतात. प्रेक्षकांचा आकडा देणारे तर बरेचसे आधीच चाहते असतात.

या चित्रपटाच्या डीव्हीडीवर तिन्हींपैकी कोणताही एकच शेवट आपोआप निवडून दाखवण्याची सोय आहे. तसा तो पाहा आणि बाकीचे दोन न पाहता त्याच रात्री दोन पानांचे परीक्षण लिहून काढ. ते परीक्षण आणि ईबर्ट यांचे परीक्षण शेजारी ठेवून मग लेखाचा दुसरा खर्डा कर, आणि दोन्ही मला पाठव.

तुझा हितचिंतक