बाल्कनीत माती की हायड्रोपोनिक्स? पहिल्यांदा करताय तर हे वाचा

बघ भावा, पहिल्यांदाच करतोयस ना, मग मातीच घे. म्हणजे नुसती लाल माती नको हं, पावसात दगडासारखी बसते ती, थोडी माती, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत असं मिसळून घे, कुंडीला खाली भोकं पाहिजेतच. मातीत पाणी थोडं मागेपुढे झालं, खत चुकलं तरी झाड सांभाळून घेतं, हायड्रोत, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खत मिसळलेल्या पाण्यात झाड वाढवताना, मात्र पाण्याचा पीएच (किती आंबट ते सांगणारा आकडा) ५.५ ते ६.५ च्या बाहेर गेला की पाण्यात खत असूनही झाड उपाशी, पानं पिवळी पडायला लागतात. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे! टाकीतलं पाणी २५ डिग्रीच्या वर गेलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, मुळं तपकिरी, चिकट होऊन सडतात, त्यात लाईट गेली, पंप बंद, पाईपवाल्या सिस्टीमची तर वाटच. हौस असेलच तर थंडीत लेट्यूस लाव, झाकणवाल्या डब्यात, पंपाशिवाय, पाणी खाली जाईल तसा वरच्या मुळांना हवा मिळते. डबा पारदर्शक नको, शेवाळ धरतं. मेथी-कोथिंबिरीसाठी कशाला एवढा खटाटोप, कुंडीत फेकलं की येतंय. टोमॅटो पण मातीतच कर, आणि पीएच मीटर आत्ताच घेऊ नकोस.