बेळगावच्या उद्यमबागेतल्या छोट्या फाउंड्रीत (धातू ओतून नग बनवणाऱ्या कारखान्यात) कोणते विभाग लागतात आणि त्यांचा मेळ कसा बसतो?

खरेदी, स्टोअर, उत्पादन, तपासणी, विक्री आणि हिशेब एवढे पुरेत (दोन कामं एकाच माणसाकडे असली तरी चालतं); मेळ बसतो तो कागदावर. हिशेबवाल्यानं खरेदी ऑर्डर, स्टोअरची माल-पावती आणि बिल जुळल्याशिवाय पैसे सोडू नयेत. घोळ बहुधा इथंच होतो, कारण वितळवायच्या भंगाराची गाडी रिकामी झाल्यावर पावती वजन न करताच लिहिली जाते. तपासणीचा आकडा उत्पादनाला रोज हवा: ८ टक्के नग बाद होत असतील तर १०० साठी १०९ ओतावे लागतात. मात्र कास्टिंग (ओतलेले नग) मशिनिंगसाठी कोल्हापूरला जॉबवर्कला (बाहेरच्याकडून काम करून घ्यायला) पाठवत असाल तर राज्य बदलतं, म्हणून किंमत ५० हजारांच्या आत असली तरी ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतंच.